ट्रे कोणी आणला? दोन कविता आणि आमच्या वर्गाचे तीन शनिवार

टीवायच्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीची 'माय लास्ट डचेस' शिकवत होते. पहिला शनिवार. कविता वाचून संपली आणि जुन्नरकडचा एक मुलगा उभा राहून अगदी सरळपणे म्हणाला, "मॅडम, ड्यूकचं पण थोडं बरोबर आहे ना? बायको सगळ्यांशी सारखंच हसायला लागली तर नवऱ्याचा मान काय राहिला?" पोरगा वात्रट वगैरे अजिबात नाही, हजेरी पूर्ण, पहिल्या बाकावर बसतो, त्याला खरंच तसं वाटत होतं. आणि मागच्या दोन रांगांमधल्या माना हलल्या, त्यात मुलीही होत्या.

तिथून पुढे तीन शनिवारांत काय काय झालं ते सविस्तर लिहून ठेवतेय, कारण पहिल्या शनिवारी मी चुकले आणि ती चूक कविता शिकवणाऱ्या कुणाच्याही हातून होऊ शकते. मी पुण्यात पेठेतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. वर्गातली निम्मी मुलं बाहेरगावची, जुन्नर, भोर, इंदापूर, कॉट बेसिसवर राहणारी, उरलेली हडपसर-धायरीकडून दोन बस बदलून येणारी. इंग्रजी वाचतात, लिहितात, पण एखादी गोष्ट मनाला लागली की बोलतात मराठीतच, आणि मला ते बरंच वाटतं.

ज्यांनी कविता वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १८४२ साली छापलेली, ५६ ओळींची. इटलीतल्या फेरारा गावचा ड्यूक पाहुण्याला वरच्या मजल्यावर नेऊन पडद्यामागचं एक चित्र दाखवतोय, त्याच्या आधीच्या बायकोचं. पाहुणा म्हणजे होणाऱ्या सासऱ्याने, एका काउंटने, पाठवलेला मध्यस्थ. ड्यूक अतिशय अदबीने बोलतो, बसा ना, बघा ना, आणि बोलता बोलता तक्रार सांगतो की ही बाई कशानेही खूश व्हायची, मी दिलेला दागिना, मावळतीचा सूर्य, कुणीतरी बागेतून तोडून आणलेली चेरीची फांदी, ती गच्चीवर फिरवायची ते पांढरं खेचर, सगळ्याला तेच हसू. माझं नऊशे वर्षांचं नाव आणि त्या फांदीची किंमत एकच? मग मी आज्ञा दिल्या आणि सगळं हसणं एकदम थांबलं. इतकं बोलून तो लगेच हुंड्याच्या विषयावर येतो. यमक ओळीओळीला आहे, पण वाक्य ओळीवरून पुढे वाहत जातं त्यामुळे कानाला ते नीट कळतही नाही, आणि मला ही या कवितेतली सगळ्यात भीतीदायक गोष्ट वाटते, की माणूस सहज गप्पा मारतोय असं वाटतं आणि एकेक शब्द मोजून ठेवलेला असतो.

ड्यूकमागे खरा माणूस आहे असं मानतात, अल्फोन्सो दुसरा. त्याची पहिली बायको लुक्रेझिया मेडिची. लग्न झालं १५५८ साली, ती तेरा वर्षांची. १५६१ साली गेली, सोळाव्या वर्षी. विष दिलं अशी कुजबुज तेव्हापासून होती, आजचे अभ्यासक बहुतेक क्षय होता म्हणतात.

तर तो मुलगा बोलला आणि मला राग आला. मी पुढची वीस मिनिटं बोलत राहिले, बायकांचं हसणं, बायकांवरची मालकी, पुरुषसत्ता, सगळं. एक शब्दही चुकीचा बोलले नसेन पण वर्ग गप्प झाला. कविता ऐकून वर्ग गप्प होतो ते वेगळं असतं, हे तसं नव्हतं, मॅडमना काय हवंय ते कळल्यावर मुलं जशी गप्प होतात तसं होतं. जाताना सांगितलं दहा ओळी लिहून आणा. एकतीस पानं आली. जवळजवळ प्रत्येक पानावर 'पुरुषसत्ताक मानसिकता' होतं आणि एकाही पानावर चेरी नव्हती, खेचर नव्हतं, पडदा नव्हता. त्या मुलाच्या पानावर पण नव्हतं, त्याने मला हवं ते लिहून दिलं होतं, आणि मनातलं मनात ठेवलं होतं. ती पानं बसमध्ये वाचताना मला खरंच वाईट वाटलं, कारण आता त्याच्याशी बोलायची जागाच मी बंद केली होती.

दुसऱ्या शनिवारी ब्राउनिंग बाजूला ठेवला आणि दुसऱ्या एका कवितेच्या झेरॉक्स वाटल्या. कॅरोलिन फोर्शे ही अमेरिकन कवयित्री, तिची 'द कर्नल'. ती १९७८ च्या सुमारास एल साल्वाडोरला होती, मध्य अमेरिकेतला छोटासा देश, पुढे तिथे जे यादवी युद्ध झालं ते १९९२ पर्यंत चाललं आणि पंचाहत्तर हजारांच्या आसपास माणसं गेली. कविता १९८१ च्या तिच्या संग्रहात आली. मी यातलं वर्गाला आधी काहीच सांगितलं नाही. फक्त दोन कामं दिली: चौघाचौघांनी मिळून मराठीत करा, आणि एका कागदावर लिहा की या घरात कोण काय आणतं आणि कोण काय उचलतं. बास. कर्नल चांगला का वाईट हे कुणी लिहायचं नाही.

'द कर्नल'ला ओळीच नाहीत, एक सलग परिच्छेद आहे. वाक्यं छोटी छोटी. तुम्ही ऐकलंय ते खरं आहे, मी त्याच्या घरात होते. बायकोने कॉफी-साखरेचा ट्रे आणला. मुलगी नखं घासत बसली होती, मुलगा रात्रीचा बाहेर गेला. पेपर, पाळलेली कुत्री, शेजारी उशीवर पिस्तूल. टीव्हीवर पोलिसांची मालिका. घराभोवतीच्या भिंतींत फुटक्या बाटल्या रोवलेल्या. इंदापूरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हा पंचनामा आहे." मी बघतच राहिले. इतकी वर्षं मी 'गद्यकविता' हा शब्द शिकवत आलेय आणि तिने एका शब्दात सांगितलं की ही बाई काय करतेय: आली, बघितलं, काय कुठे होतं ते लिहिलं, मत दिलं नाही, आणि खाली तारीख टाकली. कवितेच्या शेवटी खरंच महिना आणि साल आहे, मे १९७८.

मग जेवण. मटण, चांगली वाइन, मोलकरणीला बोलवायला टेबलावर सोन्याची घंटी. आणि मोलकरीण काय आणते तर कैऱ्या, मीठ आणि एक प्रकारचा पाव. इथे वर्ग एकदम जागा झाला, "कैरी-मीठ?" कारण मार्च संपत आलेला, आमच्या गेटबाहेर हातगाडीवर कैरीच्या फोडी तिखट-मीठ लावून कागदात मिळतात, अर्ध्या वर्गाने त्याच दुपारी खाल्ल्या असतील. तोवर एल साल्वाडोर म्हणजे नकाशावरचं कुठलंतरी नाव होतं. कैरी आली आणि ते टेबल जवळ आलं, दात आंबले म्हणा ना. मला वाटतं कवयित्रीलाही तिथे हेच साधायचं होतं, की या घरातली एकही वस्तू परकी वाटू नये, म्हणजे पुढचं जे येतं ते परकं म्हणून झटकता येणार नाही.

पुढचं असं येतं. देश चालवणं किती अवघड झालंय यावर थोडं बोलणं होतं, गच्चीतला पोपट हॅलो म्हणतो, कर्नल त्याला गप्प बस म्हणतो आणि उठून जातो. सोबतचा मित्र तिला डोळ्यांनी खुणावतो, काही बोलू नकोस. कर्नल परत येतो तो किराणा आणायची पिशवी घेऊन आणि ती टेबलावर रिकामी करतो. माणसांचे कान. पुष्कळ. सुकवलेल्या पीचच्या फोडींसारखे दिसणारे. एक कान तो पाण्याच्या ग्लासात टाकतो आणि तो फुलून जिवंत झाल्यासारखा होतो. हक्कबिक्क काय असतील ते, तुमच्या लोकांना सांगा असं म्हणून एक शिवी देतो. त्या शिवीवर वर्गात बराच वेळ गेला. 'खड्ड्यात गेले' पासून सुरुवात झाली, एका गटाने 'मसणात जा म्हणावं' केलं आणि सगळ्यांना तेच पटलं, कारण त्यात खरंच मसण आहे.

आता याद्या वाचायला घेतल्या. ट्रे: बायको. कैऱ्या: मोलकरीण. जेवणानंतर सगळं उचललं: बायको. पिशवी: कर्नल. आणि हडपसरची एक मुलगी, जी वर्गात कधी बोलत नाही, खाली बघून म्हणाली, "पण पिशवी तर किराण्याची आहे. मग ती स्वयंपाकघरातच असणार ना?"

कुणी काही बोललं नाही. मला माझ्या आईच्या घरातलं स्वयंपाकघराचं दार आठवलं. दारामागे खिळ्याला एक मोठी पिशवी आणि तिच्यात घडी घालून खुपसलेल्या बाकीच्या सगळ्या पिशव्या, चितळ्यांकडची, वाण्याची, साडीच्या दुकानाची. तुमच्याकडेही असेल. ती पिशवी कुणीतरी बाजारातून भरून आणलेली असते, रिकामी केलेली असते, झटकून घडी घातलेली असते, आणि हे हात कर्नलचे नसतात. आणि अजून एक, टेबल मोकळं कुणी केलं? बायकोने सगळं उचलून नेलं म्हणून तर पिशवी उलटी करायला जागा झाली. मी ही कविता किमान दहा वेळा शिकवली असेल आणि दहाही वेळा कानांपाशी येऊन थांबले, पिशवीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. सगळे कानांवर थांबतात. या मुलीने एक वाक्य मागे जाऊन बघितलं.

लगेच भांडण पेटलं, आणि ते हवंच होतं. भोरचा एक मुलगा म्हणाला, मग बायको पण सामील, तिला माहीत होतं पिशवीत काय आहे. एक मुलगी उसळून म्हणाली, पिस्तूल उशीवर आहे, ती काय करणार, ट्रे आपटणार? तिसरी म्हणाली, सामील आहे का नाही ते कवितेत नाहीये, कवितेत एवढंच आहे की तिने उचललं. मला स्वतःला तिसरीचं पटतं, पण माझं सांगून टाकलं नाही, पहिला शनिवार ताजा होता. एवढंच विचारलं की बायको किती शब्द बोलते. कवितेत मोजलं सगळ्यांनी. शून्य. मोलकरीण शून्य, मुलगी शून्य. घरच्यांपैकी कर्नल सोडून तोंड उघडतो तो फक्त पोपट.

जुन्नरचा मुलगा पूर्ण तास गप्प होता. निघताना माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, आमच्या ताईच्या बैठकीत चहाचा ट्रे मीच नेला होता." आणि गेला. मी विचारलं नाही की पुढे काय.

तिसऱ्या शनिवारी परत ड्यूक. प्रश्न तोच, कोण काय आणतं, कोण काय उचलतं. यावेळी पानं रिकामी येतील असं मला वाटलं होतं, कारण ड्यूकच्या वाड्यात कामाची माणसं दिसतच नाहीत. पण पोरांनी बरोब्बर पकडलं. चेरीची फांदी कुणी आणली? एका माणसाने, आणि ड्यूक त्याला आगाऊ मूर्ख म्हणतो. म्हणजे अख्ख्या कवितेत जो एकजण बाईसाठी हाताने काहीतरी तोडून आणतो तो मूर्ख. आणि पडदा? ड्यूक मुद्दाम सांगतो की चित्रावरचा पडदा माझ्याशिवाय कुणी सरकवत नाही. घरातलं एवढं एकच काम तो स्वतः करतो, आणि कर्नल एवढी एकच गोष्ट स्वतः उचलून आणतो, पिशवी. बाकी सगळं दुसऱ्यांनी करायचं, पण दाखवायचं काम मालकाचं. ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्यावर दोन कवितांमधलं जवळपास एकशे चाळीस वर्षांचं अंतर वर्गाला जाणवेनासं झालं.

मग हुंडा आला. ड्यूक मध्यस्थाला म्हणतो, तुमच्या मालकांचं औदार्य प्रसिद्धच आहे, माझी वाजवी मागणी ते नाकारणार नाहीत, अर्थात मला हवीय ती त्यांची मुलगी. याचं मराठी करायला कुणाला वेळच लागला नाही. "आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या, बाकी तुमच्या हौसेने काय घालायचं ते घाला." तीन गटांनी जवळपास शब्दाला शब्द हेच लिहिलं होतं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, आणि विशीतल्या मुलामुलींना हे वाक्य तोंडपाठ आहे, ते कुठून आलं असेल हे विचारायची गरजच नव्हती. सगळी कविता म्हणजे एक बैठक आहे हे मी आयुष्यात कधी फळ्यावर लिहिलं नव्हतं, त्यादिवशी त्यांनी लिहिलं.

भाषांतरात अजून दोन ठिकाणी अडलो. एक म्हणजे शीर्षकातला 'लास्ट'. निम्म्यांनी 'शेवटची' केलं, निम्म्यांनी 'मागची'. शेवटची म्हटलं की जरा हळहळ येते. 'मागची' म्हणजे मागच्या महिन्याचं भाडं म्हणतो तशी, आणि मागची म्हटली की पुढची आलीच. मी 'मागची'च्या बाजूने, ते मी सांगितलंही. दुसरं म्हणजे ते वाक्य, हसणं थांबलं. जुन्नरच्या मुलाने लिहिलं होतं 'मग हसणं थांबवलं'. मी सवयीने खोडून 'थांबलं' केलं, मूळ इंग्रजीत तसंच आहे म्हणून, तर म्हणाला, "पण मॅडम आपोआप कसं थांबेल? कुणीतरी थांबवलंच ना." त्याला मी म्हटलं, तुझं व्याकरण कवितेपेक्षा खरं आहे, आणि ड्यूक हेच लपवतोय, मराठीत एका 'व'चा फरक आहे, त्या 'व'मध्ये माणूस असतो. फळ्यावर दोन्ही ठेवलं.

आज्ञा कसली होती यावर पुण्यातल्या वर्गात जे निघायचं तेच निघालं. "मॅडम, हे ध चा मा." १७७३, शनिवारवाडा, नारायणराव पेशव्यांचा खून, आणि 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं ही ऐकीव गोष्ट, वाडा आमच्या कॉलेजपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. पण इथे बघा, ड्यूकच्या तोंडी क्रियापदच नाही, धरावे पण नाही, मारावे पण नाही, नुसत्या आज्ञा. ब्राउनिंगला म्हातारपणी कुणीतरी विचारलं होतं, तर तो आधी म्हणाला की तिला मारायची आज्ञा होती, आणि जरा थांबून म्हणाला, किंवा मठात बंद करायची असेल. म्हणजे खुद्द कवीकडेही ध आणि मा दोन्ही शिल्लक होते. हे सांगितल्यावर इंदापूरची मुलगी म्हणाली, आपल्या गोष्टीत अक्षर बदलणारी बाईच का असते? तिला उत्तर देण्याइतका तास शिल्लक नव्हता, पण दुसऱ्या शनिवारचं 'बायको पण सामील' म्हणणारा भोरचा मुलगा तिच्याकडे वळून बघत होता हे मी पाहिलं.

शेवटची दहा मिनिटं मध्यस्थावर गेली. आमच्या यादीत तो पण होताच, त्याने काय न्यायचंय? निरोप. कर्नलच्या टेबलावर बसलेल्या कवयित्रीलाही निरोपच दिलाय, तुमच्या लोकांना सांगा, आणि वर उरलेली वाइन उंचावून विचारलंय, तुमच्या कवितेसाठी काहीतरी मिळालं ना? तिने तो निरोप नेला, पण त्याला हवा तसा नाही. तिच्या शेवटच्या दोन वाक्यांत जमिनीवर पडलेले काही कान त्याचा आवाज टिपतात आणि काही जमिनीला चिकटून असतात. भिंतीला कान असतात हे आपण म्हणतोच, एकाने तेच म्हटलं. आणि मध्यस्थ? ड्यूक त्याला म्हणतो, अहो नको, आपण बरोबरच खाली उतरू. म्हणजे तो एक पायरी मागे राहिला असेल किंवा घाईने पुढे निघाला असेल, दोन्ही वाचता येतं. त्या पायरीवर तो काय विचार करत होता कवितेत नाही.

जुन्नरच्या मुलाने विचारलं, "त्याने मुलीच्या बापाला जाऊन सांगितलं का?"

कवितेतला काउंट आणि इतिहास तंतोतंत जुळत नाहीत हे आधी स्पष्ट केलं. मग जे झालं ते सांगितलं, की खऱ्या अल्फोन्सोचं दुसरं लग्न झालं, १५६५ साली, ऑस्ट्रियाच्या बार्बाराशी. नंतर तिसरंही झालं. मूल एकाही लग्नातून नाही, १५९७ मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी फेरारा पोपकडे गेलं.

हडपसरच्या मुलीने वही उघडी ठेवूनच विचारलं, "ती दुसरी किती जगली?"

म्हटलं १५७२ पर्यंत. तिने बोटांवर मोजलं आणि पडद्याच्या ओळीशेजारी समासात लिहिलं, सात.